पाहिजे: शांत, समजूतदार कोंबडा

कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी देते का? हा प्रश्न मी आमच्या मास कॉमच्या ग्रुपवर टाकला आणि पुढचा अर्धा तास नुसता दंगा. ‘ऑफकोर्स नाही’, ‘हे सिलॅबसला आहे का?’, ‘गूगल कर ना यार’ असं सगळं आलं. तर उत्तर असं, की देते. कोंबडीला अंडं घालायला कोंबडा लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात ट्रेमध्ये जी पांढरी अंडी दिसतात, ती घालणाऱ्या कोंबड्यांनी आयुष्यात कोंबडा बघितलेला नसतो. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. आणि जिथे कोंबड्या परसात मोकळ्या फिरतात, तिथे आणखी एका कामासाठी: आभाळाकडे आणि कुंपणाकडे लक्ष ठेवायला.

म्हणजे ज्यांच्या दारात दहा-बारा गावरान कोंबड्या आहेत, त्यांना कोंबडा हवाच. प्रश्न एवढाच, की कसला?

माझी मामी पाटण तालुक्यात राहते, कोयनेच्या खोऱ्यात. तिच्याकडे बारा कोंबड्या आहेत. गावरान अंडं ती 12 रुपयांना देते, मोठी केलेली तलंग विकते, आणि हा हिशोब घरातल्या बाकी कुठल्याच हिशोबात मिसळत नाही. “शेतीचा पैसा तुज्या मामाचा, दुधाचा पैसा डेरीचा, कोंबड्यांचा तेवढा माझा,” हे तिचं वाक्य. तिच्या मुलीचे, म्हणजे माझ्या मामेबहिणीचे, परीक्षेचे फॉर्म याच पैशातून भरले जातात.

तिचा आधीचा कोंबडा मामाने यात्रेच्या बाजारातून आणला होता. दिसायला हिरोच. लालभडक तुरा, काळ्या-हिरव्या शेपटीची कमान, मान ताठ. त्याचे फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत. मामाला त्याचा भारी अभिमान, कारण तो कुत्र्यालाही दारात उभं राहू देत नसे. नंतर तो दूध न्यायला येणाऱ्या माणसाच्या मागे लागू लागला, मग बादली घेऊन जाणाऱ्या कोणाच्याही. सगळे हसायचे. वैशाखात एक दिवस तो शेजारच्या चार वर्षांच्या पोरीच्या अंगावर गेला. कोंबड्याच्या पायाच्या मागे जो टोकदार काटा असतो, तो तिच्या डोळ्याखाली लागला. अर्धा इंच वर लागला असता तर काय, हे कोणी बोललं नाही. जखम साबणाच्या पाण्याने धुतली, आरोग्य केंद्रात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. त्या संध्याकाळी कोंबडा चुलीवर चढला. मामीने रश्श्याला हात लावला नाही. पोरीची आई पुढचे दोन महिने मामीशी बोलली नाही.

मग कोंबडाच नाही. ज्येष्ठात दोन कोंबड्या खुडूक झाल्या. रिकाम्या घरट्यात अंग फुगवून बसायच्या, उठवलं की चिडायच्या. त्यांच्याखाली ठेवायला पिल्लं निघतील अशी अंडीच नव्हती. त्यातच भर दुपारी मुंगसाने एक तलंग नेली आणि कोणी ओरडलंसुद्धा नाही. कोंबड्यांत इशारा देण्याचं काम मुख्यतः नराचं असतं. त्यातही घारीसाठी वेगळा आवाज, लांब आणि बारीक. जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी वेगळा, तुटक आणि मोठा कलकलाट. पहिला आवाज ऐकला की कोंबड्या झुडपात दडून बसतात, दुसरा ऐकला की माना वर करून उभ्या राहतात. म्हणजे ही भाषाच आहे, आणि मामीच्या दारात ती बोलणारा कोणी उरला नव्हता.

तेव्हा मामीने ठरवलं. कोंबडा आणायचा, पण यावेळी मामाने नाही, तिने बघून. मी तेव्हा चार दिवस गावीच होते, त्यामुळे ‘स्थळं बघायला’ मीही सोबत.

आखाडात कोण जातं?

स्थळं बघायला आम्ही निघालो तो आखाडाचा शेवटचा आठवडा. आखाड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. श्रावण लागायच्या आत सगळ्यांना तांबडा रस्सा आठवतो. गावात त्या आठवड्यात शांत कोंबडा शोधणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात जागा शोधणं. मामीला मी विचारलं, एवढ्या गावात सगळे कोंबडे तापटच का? ती म्हणाली, “गरीब असत्यात ती पयली जात्यात की गं. पावनं आलं, कोंबडं धरायचं झालं, तर जे हाताला घावतंय त्येच कापायचं.”

मी तिथेच थांबले. खरंच की. पाहुणे आल्यावर अंगणात धावाधाव होते, आणि जो माणसाजवळ बिनधास्त उभा राहतो तो सापडतो. जो पळतो, झाडावर चढतो, किंवा धरायला गेलं की हातावर झेप घेतो, तो वाचतो. वाचतो म्हणजे पिल्लं त्याची होतात. शिवाय कौतुकही त्याचंच: ‘काय रुबाब आहे!’ पिढ्यान्‌पिढ्या आपण शांत कोंबडे खात आलोय आणि भांडखोर कोंबडे बाप म्हणून ठेवत आलोय. नंतर तक्रार करतो की गावठी कोंबडा असाच असतो.

स्वभाव रक्तातून उतरतो हे काही फक्त मामीचं मत नाही. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात पेर येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या सगळ्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज असलेल्या लाल रानकोंबड्यावर बरीच वर्षं काम केलं. माणसाला कमी घाबरणाऱ्यांची जोडी कमी घाबरणाऱ्यांशी, जास्त घाबरणाऱ्यांची जास्त घाबरणाऱ्यांशी. काही पिढ्यांतच दोन गट वेगळे झाले, आणि कमी घाबरणारे वजनानेही जास्त भरले. भीती आणि तापटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण बापाच्या स्वभावाकडे दुर्लक्ष करून त्याच्या शेपटीकडे बघणं महागात पडतं, एवढं तरी त्यातून कळतं.

बाजारात सगळेच शांत

पहिल्या दिवशी आम्ही आठवडी बाजारात गेलो आणि मला सगळेच कोंबडे आवडले. पाय बांधून आडवे ठेवलेले, कोणी हूं की चूं करत नव्हतं. मामीने हात लावून बघितलं आणि पुढे निघाली. कारण विचारलं तर म्हणाली, बांधलेलं कोंबडं काय सांगणार? नंतर वाचलं तेव्हा समजलं, की पकडून उलटं धरलं, दाबून ठेवलं की कोंबडी काही वेळ अगदी निपचित पडते. ती भीतीची प्रतिक्रिया आहे, शांतपणाची नाही. म्हणून पहिला नियम: कोंबडा बाजारात बघू नका. त्याच्या घरी जा. त्याच्या कोंबड्यांमध्ये, त्याच्या अंगणात, तो मोकळा असताना अर्धा तास बघा. कांदेपोहे मुलाच्या घरी.

मामीची परीक्षा फाटकातूनच सुरू व्हायची. आपण अनोळखी माणसं आत शिरलो की चांगला कोंबडा मान उंचावतो, बडबडतो आणि आपल्या कोंबड्यांना घेऊन हळूहळू बाजूला होतो. तो पळून जात नाही आणि अंगावरही येत नाही. एक पंख जमिनीकडे पाडून, तिरक्या चालीने, गोल फिरत जवळ येऊ लागला तर समजायचं की तो तुम्हाला मोजतोय. मानेची पिसं छत्रीसारखी फुलवून समोर उभा राहिला तर मोजून झालं. रेड फ्लॅग. तीच तिरकी चाल कोंबडीभोवती असेल तर मात्र ते प्रेम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मग मूठभर दाणे. हा माझा सगळ्यात आवडता भाग. मामी ज्वारी टाकायची आणि हाताची घडी घालून उभी राहायची. वाईट कोंबडा सगळ्यांना टोचून आधी स्वतः खातो. चांगला कोंबडा दाणा चोचीत उचलतो, परत खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि ‘टुक टुक टुक’ असा भराभर आवाज काढतो. कोंबड्या धावत येतात, त्या खातात, हा बाजूला उभा. मुलींनो, एवढी ग्रीन फ्लॅग आपल्या कॉलेजात कुठे दिसली तर कळवा.

त्यानंतर त्याच्याकडे पाठ करून चालायचं, खाली वाकायचं, बादली हलवायची. एका घरी फार देखणा पांढरा कोंबडा होता. मालकाच्या मांडीवर बसत होता, मला वाटलं झालं काम. मामीने बादली उचलून चार पावलं टाकली आणि तो बादलीवर तुटून पडला. मालकाच्या मते तो ‘फक्त बादलीला’ असं करतो. मामी म्हणाली, आमच्याकडं बादल्या हायत्या.

मांडीवर बसणारा कोंबडा म्हणजे शांत कोंबडा, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज दिसतो. अनुभवी पाळणारे उलटंच सांगतात. एकटं पिल्लू माणसांत, हातावर वाढवलं की त्याला माणसाचा धाकच राहत नाही, आणि वयात आल्यावर ते माणसाला दुसरा कोंबडा समजून भांडायला लागतं. कोंबडीखाली, भावंडांत आणि मोठ्या कोंबड्यांचा मार खात वाढलेला नर बहुधा जास्त शहाणा निघतो. आपण जवळ गेलो तर वाट देणारा, धरलं की मिनिटभर फडफडून गप्प होणारा. हवा तो असा.

शेवटी मामी कोंबड्याला सोडून त्याच्या कोंबड्या बघायची. पाठीवरची आणि डोक्यामागची पिसं उडालेली असतील तर कोंबडा आडदांड तरी आहे, नाहीतर त्याच्या वाट्याला कोंबड्या कमी आहेत. साधारण आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हा हिशोब. चार कोंबड्यांत एक जोमदार नर ठेवला तर त्या चौघींची दैना होते. बारा कोंबड्यांत दोन ठेवले तर छोट्या अंगणात ते दोघे एकमेकांची.

वयाचाही प्रश्न आहे. नर चार-पाच महिन्यांचा झाला की आरवायला लागतो आणि तिथून वर्षाचा होईपर्यंत त्याचं सगळं टीनएज असतं. या काळात कालचा गरीब पोरगा आज डोळे वटारतो. तेव्हा सहा महिन्यांचा शांत कोंबडा घेणं म्हणजे दहावीच्या मार्कांवरून नोकरी देण्यासारखं आहे. वर्ष ओलांडून गेलेला, तरीही शांत असलेला नर घ्यावा. वय ओळखायला पायामागचा काटा बघतात. तो नुसता टेंगळासारखा असेल तर गडी कोवळा. लांब आणि वर वळलेला असेल तर दोन-तीन वर्षांचा तरी.

आणि जात? मामाचं म्हणणं होतं गिरिराज घेऊ, वजन चांगलं येतं. गिरिराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झाला, वनराज हैदराबादच्या कोंबडीपालन संशोधन संस्थेत. दोन्ही परसातल्या पालनासाठीच काढलेले आणि चांगले आहेत. पण अडचण अशी, की त्यांचा जड नर छोट्या गावरान कोंबडीला झेपत नाही. शिवाय या संकरित जातींचे गुण पुढच्या पिढीत तसेच्या तसे उतरत नाहीत, आणि त्यांच्या माद्या खुडूक बसण्यात कच्च्या. मामीकडे इनक्युबेटर नाही, खुडूक कोंबडी हाच तिचा इनक्युबेटर. तिने गावरानच धरलं.

असील म्हणजे झुंजीची जात. तिचं नाव काढलं की सगळे घाबरतात. असील दुसऱ्या कोंबड्याच्या जिवावर उठतो हे खरं, पण माणसाच्या हातात तो पुष्कळदा अगदी मऊ असतो. माणसाशी शांत आणि कोंबड्यांशी शांत या दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत, एका पेपरवरून दुसऱ्याचा निकाल लावता येत नाही. (आणि झुंजी लावणं हा 1960च्या प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे, हेही जाता जाता.)

चौथ्या दिवशी, तिसऱ्या गावात, एका आज्जींच्या दारात आमचं स्थळ जमलं. तांबूस, मध्यम अंगाचा, तुरा एका बाजूला थोडा कापलेला, फोटोत मुळीच न खुलणारा. पाय पिवळेधमक. (पिवळ्या कातडीचा जनुक लाल रानकोंबड्याचा नसून राखी रानकोंबड्याकडून आला, असं 2008 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. तोच राखी रानकोंबडा कोयनेच्या जंगलात असतो. मला हे फार भारी वाटलं, मामीला अजिबात नाही.) ज्वारी टाकल्यावर त्याने तीन वेळा दाणा उचलून टाकला. बादलीकडे बघितलंही नाही. आज्जी तो रविवारी कापणार होत्या, मुलगा पुण्याहून येणार होता. “गरीब हाय, धरायला सोप्पं,” त्या म्हणाल्या. मामीने माझ्याकडे बघितलं. 700 रुपयांना सौदा झाला आणि आज्जींच्या मुलाला बहुतेक वेगळ्या कोंबड्याचा रस्सा मिळाला. दुसऱ्या गावचा कोंबडा घेण्यात आणखी एक फायदा असतो: घरच्याच कोंबड्यांचा मुलगा पुन्हा घरच्यांवर ठेवला की रक्त जवळ येतं आणि पिल्लं कमजोर निघत जातात. दर दोन-तीन वर्षांनी नर बदलायची जुन्या बायकांची पद्धत त्यासाठीच.

आणलं म्हणजे सोडलं नाही

इथे बहुतेक लोक घाई करतात. कोंबडा आणला, पाय सोडले, दिला कळपात ढकलून. मामीने त्याला पाय न बांधता झाकलेल्या डालग्यातून आणलं, गुळाचं पाणी पाजलं आणि जुन्या गोठ्यात, खुराड्यापासून लांब, एकटं ठेवलं. तीन आठवडे ते महिना. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. नवा पक्षी वरून टणटणीत दिसतो आणि आतून आजार घेऊन येतो. मानमोडीने, म्हणजे रानीखेत रोगाने, अख्खी खुराडी रिकामी झालेली गावाने बघितली आहेत. देशातली बर्ड फ्लूची पहिली साथही 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडली होती.

या महिन्यात त्याला रानीखेतची लस आणि जंताचं औषध दिलं. पंखाखाली, शेपटीच्या बुडाशी उवा-गोचिड्या बघितल्या. पायाची खवलं उचललेली दिसली, त्यावर रोज खोबरेल तेल चोळलं. लोळायला राख आणि कोरडी माती. आधी घरच्या कोंबड्यांना खायला घालायचं, मग त्याला. उलटं कधीच नाही. त्याचं भांडं वेगळं. मधे हात धुवायचे. कंटाळवाणं आहे, पण बारा कोंबड्यांच्या मानाने स्वस्त.

श्रावण असाच गेला. तोवर तो गोठ्यातून आरवायचा, आणि मामीच्या मते तिच्या कोंबड्यांची ‘ओळख’ तिथूनच झाली. शांत कोंबडा म्हणजे मुका कोंबडा नव्हे, हे सोसायटीत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. त्याचं घड्याळ त्याच्या आतच असतं. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये आणखी एक गंमत दाखवली: अनेक कोंबडे एकत्र असले तर पहाटे पहिली बांग सगळ्यात वरच्या मानाचा कोंबडा देतो, बाकीचे आपापल्या पायरीने मागून. वरच्याला उठवून बाजूला केलं की दुसरा नंबर पहिला होतो.

ही पायरी कळपात सगळीकडे असते. ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्द आपण ऑफिसच्या राजकारणासाठी वापरतो, तो मुळात कोंबड्यांचाच. थोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकाने 1921च्या आसपास कोण कोणाला टोचतं याच्या नोंदी मांडल्या, तिथून तो आला. मामीकडे या यादीत सगळ्यात वर एक म्हातारी पांढरी कोंबडी आहे. नवा कोंबडा तिच्या राज्यात येणार होता.

गणपतीला मी पुन्हा गेले तेव्हा गोठ्यातला मुक्काम संपत आला होता. मामाने अंगणाच्या एका कोपऱ्यात जाळी मारून दिली. आठवडाभर तो जाळीच्या आत, कोंबड्या बाहेर. दोन्हीकडे दाणे जाळीच्या जवळच टाकायचे, म्हणजे जेवण शेजारी बसून. पांढरी पहिल्या दिवशी जाळीतून त्याला टोचायला बघत होती. तो मागे सरला आणि ‘टुक टुक’ करून तिलाच दाणा दाखवू लागला. पाचव्या दिवशी दोन तलंगा जाळीला टेकून झोपलेल्या दिसल्या.

मग एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, मामीने त्याला उचलून खुराड्यात काठीवर बसवलं. कोंबड्यांना अंधारात जवळपास दिसत नाही, त्यामुळे भांडण होत नाही. सकाळी जाग येते तेव्हा सगळे एकाच जागेचे. पण सकाळी तिथे हजर राहावं लागतं. आम्ही साडेपाचला चहा घेऊन दाराशी बसलो. दार उघडलं. पांढरीने बाहेर येताच त्याच्या मानेवर झेप घेतली. दोन-तीन टोचण्या बसल्या. थोडं टोचणं चालू द्यायचं, रक्त दिसलं तरच मधे पडायचं, कारण लाल दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात. मग जखमी पक्षी बाजूला काढून हळद लावायची. इथे तशी वेळ आली नाही. त्याने मान खाली घातली, बाजूला झाला आणि उकिरड्याकडे चालू लागला. दहा मिनिटांनी सहा कोंबड्या त्याच्या मागे उकिरड्यावर होत्या. पांढरी दुपारपर्यंत फुगून बसली. खायची भांडी मात्र मामीने आधीच दोनाची चार करून लांब लांब ठेवली होती. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

शेजारची चिमुरडी कुंपणापलीकडून हे सगळं बघत होती. डोळ्याखाली बारीक रेघ अजून आहे. मामीने तिला आत बोलावलं नाही. पंधरा दिवस कोणत्याच लहान मुलाला एकटं अंगणात सोडायचं नाही, हे तिने स्वतःलाच घातलेलं बंधन. सोळाव्या दिवशी ती पोरीच्या आईला म्हणाली, तुम्ही पण या, बघा. दोघी पोरीला मधे घेऊन उभ्या राहिल्या, पोरीने ज्वारी टाकली. कोंबडा आला, कोंबड्यांना बोलावलं, बाजूला झाला. पोरीची आई काही बोलली नाही, पण चहाला थांबली.

कोंबडा शांत आहे म्हणून आपण कसंही वागावं असं नाही. त्याच्यासमोर पळायचं नाही, लाथ मारायची नाही, काठीने डिवचायचं नाही, आणि त्याच्या कोंबड्यांना त्याच्यादेखत आरडाओरडा करत धरायचं नाही. कोंबडी धरायची तर रात्री, काठीवरून. कधी तो तिरका आलाच तर मागे न हटता सावकाश त्याच्या दिशेने चालायचं, तो वाट देईपर्यंत. देत नसेल तर शांतपणे उचलून काखेत धरायचं आणि आपलं काम करत राहायचं. तरीही परत परत अंगावर येत असेल तर ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे त्याला ठेवू नये. इथे मी भावनिक होणार नाही.

कोंबडा कळपात आल्यावर दहा-बारा दिवसांनंतरची अंडी मामीने उबवायला धरली. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त टिकतं, म्हणून पहिली घाई करण्यात अर्थ नसतो. नर बदलला असेल तर जुन्याचीच पिल्लं निघू शकतात. शिवाय पाटणच्या पावसात पिल्लं जगवणं अवघड. घटस्थापनेच्या आसपास, पाऊस ओसरल्यावर, एका खुडूक कोंबडीखाली 11 अंडी ठेवली. सातव्या रात्री मला व्हिडिओ कॉल आला. अंधाऱ्या खोलीत मामेबहिणीने अंड्यामागे मोबाइलचा टॉर्च धरला होता. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे एक हलणारा ठिपका. 11 पैकी 9 अंड्यांत शिरा होत्या. दोन कोरी होती, ती काढली. एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं बाहेर आली.

त्यातले नर कोणते ते कळायला अजून वेळ आहे. पण मामीने आत्तापासून लाल दोऱ्याची गुंडी आणून ठेवली आहे. जो नर दाणे टाकल्यावर बाजूला उभा राहील आणि बादलीला घाबरणार नाही, त्याच्या पायात सैलसर दोरा. दोरा असलेल्याला पाहुण्यांसाठी धरायचं नाही, विकायचं झालंच तर दुसऱ्या गावात, कोंबडा म्हणून. हे ऐकून मामाने फोनवर मधेच तोंड घातलं.

“मग पुढच्या आखाडात आम्ही खायचं काय?”

“जे अंगावर येईल त्ये,” मामी म्हणाली.